फीची वेळ टळली आणि कॅपमधली जागा गेली: ती परत मिळते का?

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. मुलगी ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत. अभियांत्रिकीच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात माहिती तंत्रज्ञानाला तिचा नंबर लागला. पसंती चौथी होती, तरी कॉलेज घराजवळचं म्हणून त्यांनी जागा फ्रीज केली, म्हणजे हीच पक्की धरून पुढच्या फेऱ्या सोडल्या, आणि हजार रुपये भरले. कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायच्या शेवटच्या दिवशी काउंटरवर सव्वा लाख फी मागितली. वडिलांनी कॉलेजच्या खात्यावर यूपीआयने पाठवायला घेतले, ते जाईचनात. संध्याकाळी प्रवेशाचं पोर्टल बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डीडी घेऊन गेले, तर "आता आमच्या हातात काही नाही" असं सांगून त्यांना परत पाठवलं. ते विचारतात, जागा परत मिळेल का, आणि कोर्टात जावं का?

मी नवी मुंबईतल्याच एका अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रवेश विभागात बरीच वर्षं काढली. आता ठाण्यात पालकांना याच कामात मदत करतो. काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, त्या हिशेबाने सांगतो.

जागा परत मिळू शकते. पण त्यासाठी दिवस फार थोडे असतात, आणि कारण कागदावर दाखवता यावं लागतं. कॉलेजने प्रवेशाची नोंद पोर्टलवर केली नाही की ती जागा रिकामी म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत जाते. त्या फेरीचं वाटप जाहीर होईपर्यंत ती कुणाचीच नसते. एकदा वाटप लागलं की ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढते. मग तुमच्या लेकीला ती द्यायची तर त्या पोराची काढावी लागते, आणि हे कुठला अधिकारी अंगावर घेत नाही. कोर्टही सहसा घेत नाही. म्हणजे मुदत संपल्यापासून पुढचं वाटप लागेपर्यंतचे जे मोजके दिवस, तेवढेच तुमचे. त्यातले पहिले दोन दिवस आपल्याकडे ओळखीचा ट्रस्टी, नगरसेवक, आमदारांचा पीए शोधण्यात जातात. कॅपची जागा ट्रस्टींच्या हातात नसते. नगरसेवकाच्या तर नसतेच नसते.

आता नेमकं काय चुकलं ते नीट बघू, कारण "फीची मुदत चुकली" या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपतात. सीट ॲक्सेप्टन्सचे हजार रुपये उमेदवाराच्या लॉगिनमधून भरायचे असतात; ते राहिले तर तुम्ही जागा स्वीकारलीच नाही असा अर्थ होतो. त्यानंतर कॉलेजात कागदपत्रं घेऊन हजर राहणं, म्हणजे रिपोर्टिंग. आणि मग कॉलेजची फी. हे सगळं झालं की कॉलेज पोर्टलवर प्रवेशाची नोंद करतं आणि पोर्टलमधूनच एक पावती निघते. ती पावती हातात पडली की प्रवेश झाला. कॉलेजच्या शिक्क्याची फीची पावती किंवा मोबाइलवरचा हिरवा टिकमार्क हा पैसे गेल्याचा पुरावा आहे, प्रवेशाचा नाही. पैसे जमा झाले, पण गर्दीत क्लार्ककडून नोंद करायची राहिली, असे प्रकार होतात. तसं झालं असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम, कारण चूक सरळसरळ कॉलेजची ठरते.

तुमचे हजार रुपये भरलेले आहेत आणि तुम्ही कॉलेजात वेळेत हजर होतात. राहिली फक्त फी आणि नोंद. ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट फ्रीजची. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी एक मिळाली किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली, तर जागा आपोआप फ्रीज होते. तुमची चौथी होती, म्हणजे बेटरमेंट (ही जागा हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट बघणं) घेता आलं असतं आणि तिसऱ्या फेरीत तिचं नाव राहिलं असतं. फ्रीज केल्यावर पुढच्या कॅप फेऱ्या तिच्यासाठी बंद. हे बोचेल, पण माहीत असलेलं बरं. नाहीतर तिसऱ्या फेरीच्या यादीत नाव शोधत बसाल आणि हातातले दिवस तिथेच जातील.

तुमचा प्रश्न वाचताना मी यूपीआयपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अडलो. मुलगी ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून. मग तिच्याकडून सव्वा लाख मागितलेच का? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी आहे, आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत. आधी अर्धी होती, मुलींसाठी ती पूर्ण झाली. माफीचे पैसे सरकार महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलमार्फत देतं. मुलीने काउंटरवर भरायचं ते विकास शुल्क आणि किरकोळ रकमा, आणि त्या सव्वा लाखाच्या जवळपासही जात नाहीत. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही, आणि नेरूळ-बेलापूर पट्ट्यात अशा संस्था बऱ्याच आहेत. पण तुमच्या मुलीचा नंबर कॅपमधून, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात लागला असेल तर तो प्रश्न येत नाही.

कॉलेजं तरीही पूर्ण फी का मागतात, तेही सांगतो. सरकारकडून पैसे उशिरा येतात, कधी पुढच्या शैक्षणिक वर्षात. म्हणून "आधी भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत देऊ" असं तोंडी सांगायची पद्धत पडली आहे. लेखी कुणी देत नाही. काउंटरवरच्या माणसाला वरून आकडा दिलेला असतो, तो तेवढाच बोलतो. कॉलेजच्या अडचणी मला माहीत आहेत, पगार वेळेवर करायचे असतात. तरी पात्र मुलीची जागा या कारणाने अडवणं मला कधीच पटलं नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की "यूपीआय चाललं नाही" या कारणापेक्षा "जी रक्कम माझ्याकडून घ्यायचीच नव्हती तिच्यासाठी प्रवेश अडवला" हे कारण कितीतरी वजनदार आहे. पहिल्यात चूक तुमची की बँकेची यावर घोळ होतो. दुसऱ्यात शासन निर्णय तुमच्या बाजूने बोलतो.

तेव्हा आजच, हे वाचून झालं की लगेच, मुलीच्या नोंदणीकृत ईमेलवरून प्राचार्यांना पत्र पाठवा आणि त्याची प्रत सीईटी सेलला, म्हणजे कॅप चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाला, लावा. मुलीच्या नावाने, तुमच्या नाही. उमेदवार ती आहे. पत्र एका पानाचं हवं. त्यात अर्ज क्रमांक, फेरी, कॉलेज आणि शाखेचा कोड, आणि मग साध्या वाक्यांत: "मी अमुक तारखेला अमुक वाजता मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात प्रवेशासाठी हजर होते. मी शिक्षण शुल्क माफीस पात्र आहे. तरीही पूर्ण शुल्काची मागणी झाली. ते भरण्याचा प्रयत्न मुदतीच्या आत केला, तांत्रिक कारणाने तो यशस्वी झाला नाही. जागा पुढील फेरीत वाटली जाण्यापूर्वी माझा प्रवेश नोंदवावा." यापुढे एक अक्षर नको. आईचं आजारपण, पावसात ट्रेन बंद, मुलगी रडते आहे, हे खरं असेलही, पण ते वाचणाऱ्याला फाइलवर शेरा मारायला उपयोगाचं नाही.

सोबत काय जोडायचं? उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला आणि पडताळणी, हजार रुपयांची पावती. यूपीआय नाकारल्याचे मेसेज, वेळ दिसेल असे. आणि त्या दिवशी तुम्ही कॉलेजात होतात याचा पुरावा. हा पुरावा लोकांना सुचत नाही. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही केली असेल. कागदपत्र तपासणीचं टोकन किंवा टिकमार्क केलेली चेकलिस्ट असेल. रांगेत उभं असताना मुलीने मैत्रिणीला फोटो पाठवला असेल, त्यावर वेळ असते. यातलं जे असेल ते लावा, आणि पत्रात "त्या दिवशीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं" अशी एक ओळ टाका. चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, आणि ही ओळ वाचली की कॉलेजचा सूर बऱ्याचदा मवाळ होतो.

ईमेल करून थांबू नका. त्याच पत्राच्या दोन छापील प्रती घ्या, एक कॉलेजच्या आवक विभागात देऊन दुसरीवर तारखेचा शिक्का घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" असं म्हटलं तरी आवक टेबलाला पत्र घ्यावंच लागतं. मग ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी, आणि तिथून चालत फोर्टमधलं सीईटी सेलचं कार्यालय, न्यू एक्सेलसिअर इमारत. तिथेही शिक्का घ्या. समोर बसलेला माणूस "कॉलेजकडून पत्र आणा" म्हणेल; कॉलेज "सेलकडून आदेश आणा" म्हणेल. हा टोलवाटोलवीचा खेळ तिथे रोज चालतो. तो थांबतो तो कॉलेजच्या एका ओळीने: "सदर उमेदवार मुदतीत हजर होती, प्रवेश नोंदवण्यास आमची हरकत नाही." ही ओळ प्राचार्यांकडून मिळवायची, त्यासाठी सगळा जोर लावायचा. कॉलेजला रिकामी जागा नको असते, म्हणून ती मिळण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. कॉलेज अगदीच दाद देत नसेल तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. २०१५ च्या कायद्याने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशांवर देखरेख ठेवायला ते नेमलं आहे.

यूपीआय का अडलं तेही कळायला हवं, कारण पत्रात "तांत्रिक कारण" लिहिलंत की कुणीतरी विचारणारच. साधारणपणे यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख. शिक्षणसंस्थांना भरायच्या फीसाठी ती जानेवारी २०२४ पासून पाच लाख झाली, पण ती त्या प्रकारात नोंदलेल्या व्यापारी खात्यांसाठी. तुम्ही खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून पाठवलंत, म्हणजे एक लाखाचीच मर्यादा लागली. सव्वा लाख त्यात बसणं शक्यच नव्हतं. शिवाय नवीन मोबाइलवर ॲप सुरू केलं असेल तर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांच्या वर पैसे जात नाहीत. नेट बँकिंगमध्ये नवीन खाते जोडलं तर बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम सोडत नाहीत. एनईएफटी आणि आरटीजीएस आता रात्रंदिवस चालतात, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून, पण खाते आधी जोडलेलं असेल तरच त्याचा फायदा. त्या दिवशी दोन लाखांच्या खालची रक्कम म्हणून एनईएफटीच करावी लागली असती आणि ती अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी जाते. पाचची मुदत असेल तर साडेचारला केलेली एनईएफटी कॉलेजच्या खात्यावर दिसेपर्यंत क्लार्क घरी निघालेला असतो.

तुमचे पैसे खात्यातून गेलेच नाहीत. एखाद्याचे कापले गेले आणि कॉलेजला पोचले नाहीत, तर गोष्ट वेगळी. त्याने पहिल्यांदा बँकेकडून लेखी घ्यावं: इतक्या वाजता इतकी रक्कम डेबिट झाली, आरआरएन किंवा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, हा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे अडकलेले व्यापारी यूपीआय किंवा कार्डाचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. शंभर रुपयांनी जागा मिळत नाही हे उघड आहे. पण बँकेचं ते पत्र म्हणजे मुदतीच्या आत पैसे द्यायची तयारी होती आणि पैसे होते, याचा सगळ्यात चांगला पुरावा. घाबरून दुसऱ्यांदा भरायच्या आधी हे पत्र मागा.

आता कोर्ट. तुम्ही ज्या बातमीच्या आधारावर विचारताय ती बहुधा धनबाद आयआयटीची. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या रोजंदारी मजुराच्या मुलाला तिथे विद्युत अभियांत्रिकीला जागा मिळाली होती, १७,५०० रुपये २४ जून २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते, गावातून पैसे गोळा करेपर्यंत वेळ टळली. झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मद्रासला, मद्रासच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला असा फिरत तो सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि ३० सप्टेंबरला त्याच्यासाठी जादा जागा तयार करायचा आदेश झाला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई आयआयटीच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत असंच झालं. कार्ड चाललं नव्हतं. त्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती, मग सर्वोच्च न्यायालयाने ४८ तासांत जागा द्यायला सांगितलं.

या दोन बातम्या वाचून पालकांना धीर येतो, पण मी जरा सावध करतो. दोन्ही आदेश घटनेच्या अनुच्छेद १४२ खालचे आहेत, आणि पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश द्यायचा हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. "त्या पोराला दिली, मला द्या" असं उच्च न्यायालयात सरळ चालत नाही. धनबादच्या प्रकरणात समोरच्या वकिलांनी मुलाच्या लॉगिनच्या वेळा दाखवून तो दुपारी तीनपासून लॉगिन होता, शेवटच्या मिनिटाला आला नव्हता, असा मुद्दा काढला होता. म्हणजे लॉगिनच्या नोंदी दोन्हीकडून वापरल्या जातात. आपल्या बाजूने काय दिसतं ते आधी तपासा. तुमच्यासारख्यांना जास्त उपयोगाचा निकाल मला डिसेंबर २०१९ चा वाटतो, एमबीबीएस प्रवेशाबद्दलचा. गुणवत्ता असूनही आणि स्वतःची काही चूक नसताना प्रवेश बेकायदा नाकारला गेला, आणि विद्यार्थी विलंब न लावता कोर्टात आला, तर अपवादात्मक परिस्थितीत मुदतीनंतरही दिलासा देता येतो, असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. "स्वतःची चूक नाही" आणि "विलंब नाही" या दोन गोष्टी तुमच्या कागदांतून दिसल्या पाहिजेत. फी मागणीचा मुद्दा पुढे आणायला मी सांगतोय तो म्हणूनच.

तेव्हा कोर्टात जायचं तर पत्राला दोन दिवसांत उत्तर आलं नाही की लगेच, आणि मागणीही छोटी: निकाल लागेपर्यंत ती एक जागा रिकामी ठेवा. पुढचं वाटप लागल्यावर याचिका घेऊन गेलात तर पहिला प्रश्न "इतके दिवस कुठे होतात?" हाच येतो. खर्चाची धास्ती असेल तर ठाण्याच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्नाची अट त्यांना नाही. तुमची मुलगी अर्ज करू शकते. ज्यांनी मुदत नुसती विसरली, किंवा "दुसरं कॉलेज मिळेल" म्हणून मुद्दाम थांबले आणि मग पस्तावले, त्यांना मात्र मी कोर्टाचा रस्ता दाखवत नाही. वर्ष आणि पैसा दोन्ही जातात.

याच दिवसांत दुसरं काम समांतर चालू ठेवा, ते मुलीकडे सोपवा. कॅप संपल्यावर उरलेल्या जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. कॉलेज जाहिरात देतं, अर्ज मागवतं, सीईटीच्या गुणांवर यादी लावतं. कॅपमधून बाद झालेल्यालाही इथे अर्ज करता येतो. ठाणे-नवी मुंबईत माहिती तंत्रज्ञान आणि संगणकाच्या जागा पटकन जातात. स्थापत्य, यंत्र, विद्युत या शाखांत बऱ्यापैकी उरतात. तिला शाखा महत्त्वाची की घराजवळचं कॉलेज, हे तिला आत्ताच विचारून ठेवा. कोपरखैरणे, नेरूळ, खारघर, घोडबंदर रोड, जिथे जिथे अर्ज करायचा तिथली जाहिरात रोज बघा, कारण तिथली मुदत कधीकधी एकाच दिवसाची असते. काउंटरवर "डोनेशन" हा शब्द कानावर पडला तर उठून या. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या फीच्या वर, किंवा एका वर्षाहून जास्तीची फी एकदम, कुणी मागू शकत नाही. मोठ्या रकमेसाठी या वेळी डीडी आधीच काढून ठेवा. प्रवेश झाला नाही तर बँक थोडं शुल्क कापून तो रद्द करते. फिक्स्ड डिपॉझिट मोडायचं असेल, पतपेढीतून उचलायचे असतील, तर ते आजच. पतपेढीची सभा आणि मंजुरी शेवटच्या दिवसाची वाट बघत नाही.

आणि संस्था स्तरावरचा प्रवेश घ्यायच्या आधी हिशेब मांडा. मुलींची ती शंभर टक्के माफी केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच आहे. संस्था स्तरावर आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, त्याच शाखेला चार वर्षं पूर्ण फी तुमच्या खिशातून. ही रक्कम कागदावर लिहून काढा आणि मग ठरवा, कॅपची जागा परत मिळवायला अजून किती धावायचं ते.